उलट्या हाताचा जोड

सकाळचा चहा येईपर्यंत महरूस टेबलावरच्या मेणकापडाचा जोड अंगठ्याने चाचपून बघायचा. दोन तुकडे शिवून इकरामने ते मेणकापड केलं त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि जोड आता कुठे जाणार होता! तरी रोज त्याच्या डाव्या हाताचा अंगठा एका कडेला टेकायचा, दाबत दाबत दुसऱ्या कडेपर्यंत जायचा, आणि मगच हात पेल्याकडे वळायचा. उशीचा अभ्रा असो, पावाची कड असो, त्याचा हात आधी जोड शोधायचा. लेकीच्या, रबाबच्या लग्नात तिच्या झग्याची पाठीवरची शिवणसुद्धा त्याने सगळ्यांच्या देखत अशीच तपासली होती, आणि नवऱ्याकडच्या बायका हसून लोटपोट झाल्या होत्या.

"सुटला नाही अजून," इकराम पेला ठेवत म्हणायची. "सुटला की मीच सांगेन. प्या आता, रबाबचे बाबा."

चहातली साखर ती आतूनच ढवळून आणायची. बशीत चमचा नसायचा. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एकदा तो म्हणाला होता, चमचा नको ठेवत जाऊस, आवाज होतो. एवढंच.

अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला, मिठागरांच्या पलीकडे टायरचा कारखाना आहे. तिथे महरूसने एकतीस वर्षं टायर बांधले. पिंपाएवढा एक ड्रम फिरत असतो. त्यावर आधी रबराचा पातळ थर चढवायचा, मग सुताचे रबर लावलेले थर, कडांना तारेची कडी, बाजूच्या पट्ट्या, सगळ्यांत वर जाड पट्टा. प्रत्येक थर ड्रमभोवती गुंडाळून कापायचा आणि त्याची दोन टोकं एकमेकांवर चढवून दाबायची. तो जोड. मग कच्चा टायर साच्यात जातो, वाफेवर शिजतो, आणि बाहेर येतो तेव्हा एकही जोड दिसत नाही. जे काही नीट करायचं ते दिसतंय तोवरच करून घ्यावं लागतं.

महरूस डावखुरा. लहानपणी जेवताना आई त्याचा डावा हात ओढणीने पाठीमागे बांधून ठेवायची. उजव्या हाताने घास घ्यायला तो शिकला, पण ड्रमसमोर उभा राहिला की हात आपला रस्ता धरायचा. बाकी सगळ्यांच्या जोडात वरचं टोक उजवीकडे यायचं, महरूसच्या जोडात डावीकडे. जुन्या मुकादमाने सुरुवातीला खूप डोकं आपटलं, मग एक दिवस त्याचा जोड सांडशीने ओढून बघितला, सुटेना, तेव्हा म्हणाला, "बांध बाबा, पायाने बांधलास तरी चालेल."

शेजारच्या यंत्रावर नसीफ होता. जाड मिशांचा, मनगटावर हिरवट गोंदलेला छोटा क्रूस, आणि तोंड दिवसभर चालू. महरूसला तो नावाने हाक मारायचा नाही. नंबरानेच मारायचा. बांधणाऱ्या प्रत्येकाकडे आपल्या नंबराच्या चिठ्ठ्यांचं रीळ असायचं आणि बांधलेल्या प्रत्येक टायरच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी लागायची. टायर जगात कुठेही गेला तरी तो कुणाच्या हातचा हे त्यावरून कळायचं. नसीफ सत्तेचाळीस, महरूस बावन्न.

"काय रे बावन्न, आज बायकोने मारलं का? तोंड कच्च्या टायरसारखं झालंय."

"तुझ्या मिशा सांभाळ. ड्रममध्ये गेल्या तर साच्यातून टायरला मिशा फुटून निघतील."

चौदा वर्षं दोघांनी अशी काढली. आणि त्या विभागात एक पद्धत होती, जिचा कागदावर कुठेच उल्लेख नव्हता. रमजानात सूर्यास्ताच्या वेळी ख्रिस्ती माणसं मुसलमानांची यंत्रं चालवायची. रोजा सोडणारे एकत्र बसून जेवायचे, आणि त्यांच्या जागी बांधलेल्या टायरांत त्यांच्याच नंबराच्या चिठ्ठ्या पडायच्या. मोजणीला सगळ्यांचा आकडा पुरा. ईस्टरच्या आधीचा दुःखाचा शुक्रवार आला की उलट व्हायचं. ख्रिस्ती कामगार कंपाउंडच्या मागच्या फाटकाने चर्चला जायचे आणि मुसलमान दोन दोन यंत्रं सांभाळायचे. साहेब लोकांना माहीत असावं. ते त्या वेळी आपल्या खोल्यांतून बाहेर पडत नसत. रमजानात नसीफ दिवसभर पाणीसुद्धा भिंतीआड जाऊन प्यायचा. महरूस म्हणायचा, "इथेच पी की, मला काही वाटत नाही." नसीफ म्हणायचा, "तुला नाही रे, मला वाटतं. तू बघत असलास की पाणी कडू लागतं."

त्या शुक्रवारी दुपारी नसीफ गेला. जाताना म्हणाला, "आकडा कमी पडला तरी चालेल, जीव काढू नकोस." महरूस हसला. आकडा कमी पडू द्यायचा नाही, उलट नसीफ परत येईल तेव्हा दोन जास्तच दाखवायचे, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. दोन ड्रमांच्या मध्ये तो दुपारभर धावत राहिला. अंगरखा पाठीला चिकटला. रबर लावलेल्या कापडाच्या रिळात थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून निळं पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं असतं. ते सोलत सोलत कापड ड्रमवर चढवायचं. नसीफच्या यंत्रावरचं प्लास्टिक त्या दिवशी चिवट नव्हतं, मधेच फाटत होतं. एकदा फाटलं, आणि सोललेला भाग हातात आला तेव्हा त्याचा एक कोपरा नव्हता. तळहाताएवढा.

महरूसने खाली पाहिलं. ड्रमखाली पाहिलं. बुटाचा तळवा उलटा करून पाहिला. वरचा थर चढून गेला होता. तुकडा आत असेल तर तिथे रबराला रबर धरणार नाही, हे त्याला माहीत होतं. अशा टायरला लाल खूण करून बाजूला ठेवायचं असतं, आणि तो एक टायर आकड्यातून वजा होतो. त्याचं यंत्र पलीकडे थांबून शिट्टी देत होतं. तुकडा कुणाच्या तरी बुटाला चिकटून गेला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. जोडावरून अंगठा फिरवला. सत्तेचाळीसची चिठ्ठी चिकटवली. टायर गाड्यावर चढवला.

नसीफ संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या कपड्यांना उदाचा वास होता. आकडा बघून त्याने कपाळाला हात लावला. "अरे, तू माझी नोकरी घालवशील! उद्यापासून साहेब रोज एवढे मागतील." ईस्टरनंतरच्या सोमवारी त्याने सणाची रंगवलेली अंडी आणि कागदात गुंडाळलेला खारवलेला मासा आणला. मासा एवढा वासाचा होता की मुकादम दारातूनच परत गेला.

नोव्हेंबरात तो टायर परत आला. रेताड रस्त्यावर टोमॅटोचा ट्रक चालला असताना थर सुटून टायर फुटला, ट्रक कलंडला. ड्रायव्हरचा खांदा मोडला. टायर कापला तर आत निळं प्लास्टिक, तळहाताएवढं. चिठ्ठीचा नंबर सत्तेचाळीस.

विभागाचे मोठे इंजिनिअर रिफअत साहेब, सगळे त्यांना बाश मुहंदिस म्हणायचे, त्यांनी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना यंत्रांपाशी गोळा केलं. कापलेला तुकडा त्यांच्या हातात होता. भाकरीच्या चवडीसारखे थर दिसत होते, मधून निळी जीभ बाहेर आलेली.

"नंबर कुणाचा?"

"माझा, बाश मुहंदिस," नसीफ म्हणाला.

"तारीखही आहे. शुक्रवार. टायर तूच बांधलास?"

नसीफने तुकडा हातात घेतला. थरांच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबला, पुन्हा फिरवला. बराच वेळ. मग मान वर केली. त्याने साहेबांकडे पाहिलं नाही. यंत्राला टेकून महरूस उभा होता, हातात चहाचा पेला, तळाशी साखर. नसीफची नजर त्याच्यावर आली आणि तिथेच थांबली. सगळीकडे शांत झालं होतं, यंत्रं बंद होती. आणि महरूस चहा ढवळू लागला.

चमचा पेल्याला लागून किणकिण वाजत राहिला. त्याचा हात थांबेना. त्या आवाजात नसीफ म्हणाला, "नंबर माझा आहे म्हटलं ना."

महरूसने पुढे स्वतःची समजूत पुष्कळ घातली. खरं सांगितलं असतं तर नसीफ कामावरून निघून गेला होता हे उघडं पडलं असतं, दोघांचीही धडगत नव्हती, शिवाय ती जुनी पद्धत कायमची बंद झाली असती. म्हणून गप्प राहणंच सगळ्यांच्या हिताचं. या समजुतीतला प्रत्येक शब्द बरोबर होता आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. पद्धत तरी कुठे राहिली? पुढच्या रमजानात कुणी कुणाच्या यंत्राला हात लावला नाही. आपल्या नंबरावर दुसऱ्याचं काम कोण घेणार? माणसं यंत्रापाशीच उभी राहून एक खजूर तोंडात टाकायची आणि ड्रम फिरवायची.

आणि एक प्रश्न होता. चिठ्ठी बावन्नची असती तर त्या दुपारी त्याने टायर बाजूला काढला असता का? बारा वर्षांत त्याने या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. उत्तर त्याला माहीत होतं.

नसीफला यंत्रावरून काढलं. कच्चे टायर गाड्यावर घालून साच्यांपर्यंत नेण्याचं काम दिलं. चौदा वर्षं यंत्रावर काढलेला उस्ता, मुरलेला कारागीर, गाडा ढकलू लागला, आणि गाडा महरूसच्याच रांगेचा. दिवसातून चाळीस वेळा तो यंत्राशी यायचा.

"झाला?"

"झाला."

वर्षभर दोघांचं एवढंच बोलणं. ना मिशा, ना बायको. गाड्याचं एक चाक कुरकुरायचं. ते दुरून ऐकू आलं की महरूसच्या मानेवर घाम यायचा. मग एक दिवस गाडा घेऊन दुसराच माणूस आला. नसीफने नोकरी सोडली आणि शहराच्या वाटेवरच्या मेक्स वस्तीत, समुद्राकाठच्या रस्त्यावर, पंक्चर काढायचं दुकान टाकलं.

तो कापलेला तुकडा मात्र कुठे गेला नाही. साहेबांनी तो हजेरीच्या दाराशी फळीवर चार स्क्रूंनी ठोकून घेतला आणि त्याच्यावरच पांढऱ्या रंगाने ४७ लिहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा, शिकावा. शंभरातल्या नव्याण्णवांना तिथे फक्त निळं प्लास्टिक दिसायचं. महरूसला जोड दिसायचा. वरचं टोक डावीकडे. अख्ख्या कारखान्यात तसा जोड घालणारा एकच माणूस होता, आणि तो रोज सकाळ-संध्याकाळ त्या फळीसमोरून हजेरी देऊन जायचा. कारखान्याची बस मेक्सवरून जायची. तो कायम पाण्याच्या बाजूच्या खिडकीशी बसायचा. दुकान दुसऱ्या बाजूला होतं.

साठ पूर्ण झाली तेव्हा निरोपसमारंभ ठरला. इकराम यादी करायला बसली.

"नसीफना सांगितलंत?"

"तो आता कारखान्यात नाही."

"म्हणून काय झालं? चौदा वर्षं खांद्याला खांदा लावून होतात. त्यांची मार्सेल तर माझ्याकडच्या कणकेच्या बिस्किटांना नावं ठेवत ठेवत अर्धा डबा संपवायची. जा, स्वतः जाऊन सांगून या. असं कुणाच्या हाती निरोप धाडू नका."

मंगळवारी दुपारी तो बसच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि मेक्सला उतरला.

नसीफ पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्याने वर बघितलं आणि पुन्हा पाण्यात.

"बावन्न नंबर! वाट चुकलास की गाडी घेतलीस?"

"मी निवृत्त होतोय. गुरुवारी."

"मग सरबत आणायचं. हात हलवत आलास." ट्यूब फिरत राहिली. "बस. त्या टायरावर बस, चांगला आहे, मी बांधलेला नाही."

महरूस बसला नाही. "नसीफ, तो टायर..."

"कुठला टायर? इथे दिवसाला तीस येतात."

"शुक्रवारचा."

"शुक्रवारी तर चाळीस येतात."

नसीफ त्याला एक पायरीसुद्धा माफ करणार नव्हता. महरूसने खाली बघत म्हटलं, "फळीवरचा. तो मी बांधला होता."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"साहेबांनी हातात दिला तेव्हापासून. डोळे मिटून सांगितलं असतं, असला उलटा जोड या जगात कोण घालतो ते."

"मग बोलला का नाहीस?"

"मी बोलायचं?" नसीफने ट्यूब पाण्याबाहेर काढली. "मी बोलायचं, आणि तू चहा ढवळायचास?"

रस्त्यावरून एक मायक्रोबस हॉर्न वाजवत गेली.

"मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सांगेल. मग वाटलं, ईदपर्यंत. साहेबांनी मला पलीकडच्या रांगेचा गाडा दिला होता, ठाऊक आहे तुला? मी मागून घेतला तुझ्या रांगेचा. दिवसाला चाळीस वेळा तुझ्यासमोर येऊन उभा राहत होतो. झाला? झाला. म्हटलं, चाळीसातून एकदा तरी दुसरं काही बोलशील. वर्षाने पाय दुखायला लागले."

महरूसला वाटलं होतं की तो गाडा नशिबाने त्याच्या रांगेत आला. त्याने दाराच्या चौकटीला हात लावला. "माफ कर."

"इथे नको. इथे मी एकटा आहे, आणि मला माहीतच होतं. घाईत चूक होते, माझ्याही हातून झाल्यात. जिथे माझा नंबर लिहिलाय तिथे जाऊन सांग."

इथे थांबला असता तर निभावलं असतं. नसीफच्या आवाजात कुठेतरी थोडी वाट मोकळी झाली होती, महरूसला ते जाणवलं. पण त्या मोकळ्या वाटेने आत जायची त्याला आणखीच लाज वाटली.

"चूक नव्हती ती," तो म्हणाला. "तुकडा कमी आहे हे मला दिसलं होतं. मी शोधला. सापडला नाही. तरी टायर पुढे पाठवला."

नसीफचे हात थांबले. हे त्याला माहीत नव्हतं.

"दिसलं होतं?"

"हो."

"आणि चिठ्ठी माझी होती."

"हो."

पाणी घमेल्यात हलत राहिलं. नसीफने ट्यूब खुंटीवर टांगली, हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. "जा आता," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आलंय."

दुकानात कुणीही नव्हतं.

गुरुवारी जेवणघरात खुर्च्या मांडल्या होत्या. रिफअत साहेब कधीच निवृत्त झाले होते. नवे साहेब तरुण होते, टायरबांधणीची नवी स्वयंचलित यंत्रं येणार असल्याचं सांगत होते. महरूसच्या हातात मखमलीच्या पेटीतलं मानचिन्ह आलं, आणि माईक.

"हजेरीच्या दाराशी एक तुकडा आहे," तो म्हणाला. "त्याच्यावर सत्तेचाळीस लिहिलंय. तो टायर नसीफने बांधलेला नाही. मी बांधला. आणि खराब आहे हे माहीत असून पाठवला."

मागे बसलेल्यांपैकी एकाने शेजाऱ्याला विचारलं, "नसीफ कोण?" मग साहेब उठले, महरूसच्या खांद्यावर हात ठेवला, माईक आपल्याकडे वळवला. "बघा, याला म्हणतात जुनी माणसं. जाता जाता दुसऱ्याची चूकसुद्धा आपल्या अंगावर घेतात."

"साहेब, तसं नाही..."

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. "जियो उस्ता!" कुणीतरी ओरडलं. सगळे उभे राहिले. महरूस तोंड हलवत होता आणि टाळ्यांत ते कुणाला ऐकू येत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी एक वाक्य बोलला असता तर त्याचं यंत्र गेलं असतं. आज तेच वाक्य त्याच्या चांगल्या नावात जमा झालं. केक कापला गेला.

निघताना त्याने तो तुकडा मागितला. फळी तशीही काढायचीच होती. भांडारातल्या माणसाने स्क्रू काढून दिले. फळीला चार भोकं राहिली.

घरी इकरामने पेटी बाजूला ठेवली आणि तुकड्याकडे बघितलं. "हे कसलं बक्षीस?"

त्याने सगळं सांगितलं. चिठ्ठी, प्लास्टिक, चमचा, टाळ्या. ती ऐकता ऐकता तुकड्यावरची धूळ पुसत होती. शेवटी उठली आणि म्हणाली, "मार्सेल मला बाजारात भेटायची. दर वेळी आधी तुमची तब्येत विचारायची." आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला तो न ढवळता. साखर तळाशी, चमचा पेल्यात उभा. इकराम समोर बसून राहिली. महरूसने मेणकापडाचा जोड चाचपला नाही. चमचा धरला आणि ढवळला. किणकिण झाली. संपेपर्यंत दोघांनी ती ऐकली.

तुकड्यावरचं ४७ त्याने खरवडून काढलं, पांढऱ्या रंगाने ५२ लिहिलं, आणि शनिवारी तो घेऊन मेक्सला गेला. नसीफने तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"हा मी इथे लावू? फुटलेला टायर दाखवून गिऱ्हाईक पळवू?" थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सांगितलंस तिथे?"

"सांगितलं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

"काय?"

"उभे राहून."

नसीफ हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग खोकला लागेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं. मिशा हलत राहिल्या. महरूस हसला नाही. हसू संपल्यावर नसीफने हवा भरायच्या यंत्राकडे पाहिलं. ते चालू झालं की फरशीवर थडथडायचं. त्याने पायाने तो तुकडा यंत्राच्या एका पायाखाली सरकवला, ५२ दिसेल असा. थडथड थांबली.

"बस," तो म्हणाला. "ही ट्यूब बघ. माझ्या डोळ्यांना आता बुडबुडे नीट दिसत नाहीत."

त्यानंतर महरूस रोज जाऊ लागला. पैशाचं कुणी बोललं नाही. तो पॅच लावायचा, कडेवरून डावा अंगठा फिरवायचा, आणि आपण केलेल्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला खडूने ५२ लिहायचा. नसीफ म्हणायचा, "इथे कोण आत वाकून बघणार आहे?" महरूस लिहायचा. माफ केलं असं नसीफ कधी म्हणाला नाही, आणि महरूसनेही पुन्हा विचारलं नाही. पण दुसऱ्या वर्षीच्या रमजानात सूर्य बुडायची वेळ झाली तेव्हा नसीफने त्याच्या हातातला टायर काढून घेतला. "जा, खजूर खा. हे मी बघतो." महरूस पायरीवर बसून खाऊ लागला. खाऊन आला तेव्हा चाक पुरं झालं होतं आणि आतल्या बाजूला खडूने ४७ लिहिलेलं होतं.

त्या हिवाळ्यात समुद्रावरून वादळ आलं आणि तीन दिवस राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी महरूसला छातीत जरा जड वाटत होतं, तो लवकर निघाला. रात्री झोपेतच गेला. पहाटे इकरामने हाक मारली तेव्हा त्याचा अंगठा उशीच्या शिवणीवर होता.

नसीफला त्याचं शेवटचं बोलणं आठवतं, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं. महरूसने हात धुतले, मफलर कानांवर ओढला, पावसात पाऊल टाकलं आणि अर्ध्यातून मागे वळून म्हणाला,

"त्या निळ्या मायक्रोबसचं मागचं डावं चाक मी केलंय. हवा गेली तर माझं नाव सांग."